मुलीच्या फाइलवर ‘एपिलेप्सी’ लिहिलंय, स्थळाला काय सांगू?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी 26 वर्षांची, बी.कॉम. झालेली, पतसंस्थेत नोकरीला. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत रात्रभर जागून अभ्यास केला आणि सकाळी उठल्या उठल्या तिला पहिली फिट आली. त्याआधी काही महिने सकाळी तिच्या हातातून चहाचा कप उडायचा, पण ‘वेंधळी आहे’ म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी फाइलवर ‘सीझर डिसऑर्डर’ लिहून गोळी सुरू केली. मधल्या काळात आणखी काही फिट आल्या, गोळी बदलली, आणि गेल्या चार वर्षांत एकही आलेली नाही. मागच्या महिन्यात पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी गोळी तीच ठेवली, पण कागदावर ‘ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’ असं लिहिलं. आता एक चांगलं स्थळ आलं आहे, पत्रिका जुळली आहे, पाहण्याचा कार्यक्रम ठरतो आहे. मामा म्हणतात, जुनी फाइल दाखवा, नवी कपाटात ठेवा आणि ‘मिरगी’ हा शब्द तोंडातून काढू नका. आत्या म्हणते, लग्न झालं की आपोआप थांबतं. आई विचारतात : आजार वाढला म्हणून नाव बदललं का? चार वर्षं काही नाही, तर लग्नाआधी गोळी बंद करता येईल का? आणि सांगायचंच झालं तर कोणत्या शब्दांत सांगायचं?

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण महिनाभर तुम्ही त्याच काळजीत आहात. आजार वाढलेला नाही. मुलीला बारावीत जे होतं तेच आज आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं नेमकं नाव लिहिलं, एवढाच बदल. आधीचं ‘सीझर डिसऑर्डर’ हलकं आणि आत्ताची ‘एपिलेप्सी’ भारी, असं काही नाही. ‘सीझर डिसऑर्डर’ म्हणजे नुसता ‘झटक्यांचा आजार’, हा मोघम शब्द आहे. अनेक डॉक्टर तो मुद्दाम वापरतात, कारण ‘एपिलेप्सी’ किंवा ‘मिरगी’ म्हटलं की घरातली माणसं खचतात, काही जण गोळ्या सोडून देवर्ष्याकडे जातात. हेतू चांगला असतो. तरी मला ही पद्धत पटत नाही. ती का पटत नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. इतकी वर्षं मुलगी अपस्माराची, म्हणजे एपिलेप्सीचीच, गोळी घेत होती आणि तिला अपस्मार नाही असं तुम्ही धरून चालला होतात.

झटका आणि अपस्मार यांत मात्र खराच फरक आहे, तो समजून घ्या. झटका, म्हणजे आपण ज्याला फिट म्हणतो, ती एक घटना. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक संदेश पाठवत असतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी बेताल संदेश सोडू लागल्या की झटका येतो. ताप हे जसं लक्षण असतं आणि त्यामागे मलेरिया आहे की टायफॉइड ते शोधावं लागतं, तसंच झटक्याचं आहे. रक्तातली साखर फार उतरली, सोडियम घसरलं, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तरी झटका येतो, पण तेवढ्यावरून कुणाला अपस्मार आहे असं म्हणत नाहीत. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना तापात आकडी येते आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बाळाला एकदा तापात आकडी आली असेल, तर त्याच्या कपाळावर हा शब्द चिकटवू नका.

असं तात्कालिक कारण काही नसताना झटके पुन्हा पुन्हा येण्याकडे मेंदूचा कल असेल, तर तो अपस्मार. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी ही या विषयातल्या तज्ज्ञांची जागतिक संघटना आहे. तिने 2014 साली व्याख्या नेमकी केली : असे किमान दोन झटके 24 तासांहून जास्त अंतराने आले, किंवा एकच आला पण पुढच्या 10 वर्षांत दुसरा येण्याची शक्यता 60 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, किंवा अपस्माराच्या एखाद्या ठरावीक प्रकाराचं निदान झालं, तर तो अपस्मार. तुमची मुलगी यात बसते, आणि जगभरातली सुमारे 5 कोटी माणसंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यांच्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात. तुमच्या मुलीचे थांबलेच आहेत.

मामा ज्या ‘मिरगी’ला घाबरतात ते याच आजाराचं बोलीतलं नाव. कुठे फेफरं म्हणतात, कुठे फिट. आयुर्वेदात तो अपस्मार. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि ‘स्मृतीचं निघून जाणं’ अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे त्या काळच्या वैद्यांनीही त्याचा रोग म्हणूनच विचार केला, दोष बघितले, औषधं सांगितली. चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं, हातात किल्ल्या कोंबणं, अवस-पुनवेचा हिशेब आणि ‘बाहेरचं काहीतरी’ अशी कुजबुज, हे सगळं आपण त्या शब्दाभोवती साठवलं आहे. मामांना भीती वाटते ती या कुजबुजीची. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, लहान गावात तर मुळीच नाही. पण तिच्यामुळे जे निर्णय घेतले जातात ते मुलीच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून आता जरा खोलात जाते.

पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या लांबलचक नावाचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे. अपस्माराचे अनेक प्रकार आहेत. न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्ये फीतकृमीच्या अळीची गाठ मेंदूत बसते आणि तिच्यामुळे झटके येतात, आपल्या देशात हे कारण बरंच आढळतं. कुणाला डोक्याच्या जुन्या माराचा व्रण असतो. तुमच्या मुलीचा प्रकार साधारण किशोरवयात सुरू होतो, एमआरआय बहुधा स्वच्छ येतो, आणि सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात. तो चहाचा कप उडणं वेंधळेपणा नव्हता, आजाराची पहिली खूण होती. तेव्हा ते तुम्हाला ओळखता आलं नाही याबद्दल स्वतःला बोल लावू नका. या प्रकारात ही खूण बहुतेक घरांत अशीच निसटते. पण नाव कळल्यावर औषध निवडता येतं : फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही औषधं इतर काही प्रकारांत छान चालतात, पण या प्रकारात त्यांनी हातांचे झटके वाढू शकतात. उद्या मुलगी नांदायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना तिने ‘मला पूर्वी फिट यायची’ एवढंच सांगितलं, तर चुकीची गोळी मिळण्याचा धोका आहे. नवी फाइल कपाटात ठेवण्याची किंमत ही आहे.

आता गोळी बंद करण्याबद्दल. कृपा करून स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही नाही. अपस्माराची गोळी एकदम थांबवली तर आटोक्यात असलेले झटके परत येतात, आणि कधी कधी झटका न थांबता चालूच राहतो, तेव्हा तो जीवघेणा ठरू शकतो. त्यातून तुमच्या मुलीचा प्रकार गोळीने सहसा छान आटोक्यात राहणारा, पण गोळी थांबवली की बऱ्याच जणांत परत येणारा आहे. म्हणून यात औषध खूप वर्षं, कित्येकदा कायम चालू ठेवतात. चार वर्षं झटका नाही याचा अर्थ गोळी तिचं काम करते आहे. इंटरनॅशनल लीगच्याच व्याख्येप्रमाणे, 10 वर्षं झटका नाही आणि त्यातली शेवटची 5 वर्षं गोळीही नाही, तेव्हा कुठे अपस्मार मिटला असं म्हणतात. (लहानपणीचे काही प्रकार ठरावीक वयानंतर आपोआप मिटतात, ते याला अपवाद. हा तो प्रकार नाही.) तेव्हा मुलगी ‘बरी झाली’ असं सध्या कुणालाही सांगू नका. ‘आजार नियंत्रणात आहे’ हे खरं आहे, आणि तेवढं पुरेसं चांगलं आहे. लग्नाने हा आजार बरा होत नाही, हे आत्याबाईंना नम्रपणे पण ठामपणे सांगा.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मामा काय म्हणतात ते त्यात आहे, आत्या काय म्हणते ते आहे, मुलाकडचे काय म्हणतील ते आहे. मुलीचं एकही वाक्य नाही. ती 26 वर्षांची आहे, दिवसभर लोकांच्या ठेवींचे हिशेब सांभाळते आणि रोज न चुकता गोळी घेते. नाहीतर ही चार वर्षं अशी गेली नसती. तिला हे स्थळ हवं आहे का? आत्ता लग्न करायचं आहे का? आजाराबद्दल कुणाला, केव्हा आणि किती सांगायचं हे तिला कसं वाटतं? फाइल तिची आहे. ती कोणत्या कपाटात ठेवायची हे ठरवायला मामा बसले आहेत, तुम्ही बसला आहात, आणि ती स्वयंपाकघरातून ऐकते आहे, असं चित्र मला पत्रात दिसलं. ते चुकीचं असेल तर मला फार आनंद होईल. पण बरोबर असेल, तर मला उत्तर पाठवण्याआधी तिच्याशी बोला.

तिने लग्नाला होकार दिला, तर माझं मत स्पष्ट आहे : साखरपुड्याआधी, सुपारी फुटण्याआधी सांगायचं. मामांचा सल्ला प्रेमापोटीच आहे हे मला कळतं. पण लपवल्यावर रोजचं आयुष्य कसं जाईल त्याचा विचार करा. नव्या घरात गोळी चोरून घ्यायची. डबा कुठे ठेवायचा, सासूबाई खोलीत आल्या तर काय करायचं, चार दिवस गावदेवाला गेलं तर काय. अशा चोरीत गोळ्या चुकतात, आणि चुकल्या की झटका येतो. तो आला की जवळ असलेल्या माणसाला काय करायचं हे माहीत नसतं, कारण त्याला सांगितलेलंच नसतं. मग कांदा येतो, चप्पल येते, दातखिळी उघडायला चमचा येतो. आणि त्यानंतर ‘फसवलं’ हा शब्द येतो, तो आजाराच्या नावापेक्षा कितीतरी जड असतो.

कायद्याचंही सांगते, कारण मामांनी ‘कायद्याने लग्नच होत नाही’ असं कुठेतरी ऐकलेलं असू शकतं. त्याला एकेकाळी कायद्याचा आधार होता. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांना वेडाच्या जोडीला बसवलं आणि तो लग्नातला अडसर ठरवला. डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या बाजूने बरीच मागणी झाल्यावर 1999 साली संसदेने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून ‘अपस्मार’ हा शब्द काढून टाकला. म्हणजे आज अपस्मार असणं हा लग्नात कायदेशीर अडथळा नाही. तो घटस्फोटाचं कारण ठरणारा असाध्य किंवा मानसिक आजारही नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये सांगितलं. लपवण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असा दावा करून लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कोर्ट काय ठरवेल ते त्या त्या प्रकरणावर अवलंबून असतं, पण कोर्टाची पायरी तरी कशाला चढायची? आजार असणं कायद्याने गुन्हा नाही, तर तो गुन्ह्यासारखा लपवून आपण मुलीलाच आरोपी का करायचं?

कसं सांगायचं ते असं. मध्यस्थाला सांगू नका आणि पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशा हातात असताना वीस माणसांसमोरही नाही. तेवढ्यावर कुणाचाच हक्क नाही. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि बोलणी पुढे जाणार असं दिसलं, की मुलीने मुलाला एकटं भेटून स्वतः सांगावं. शब्द साधे असावेत : ‘मला बारावीपासून एपिलेप्सी आहे, म्हणजे अपस्मार. रोज गोळी घेते. चार वर्षांत फिट आलेली नाही. गोळी बरीच वर्षं, कदाचित कायम लागेल. तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर आपण दोघं जाऊ.’ त्यानंतर मोठ्यांनी मोठ्यांना सांगावं, तेच शब्द वापरून. ‘सीझर’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला ते बाळंतपणातलं ऑपरेशन वाटतं आणि मग गोंधळात गोंधळ होतो. नुसतं ‘फिट’ म्हणालात तर मुलाकडचे नंतर म्हणतील की एवढंच सांगितलं होतं. एपिलेप्सी आणि अपस्मार हे दोन्ही शब्द उच्चारा, आणि ते ऐकताना मुलीने तुमचा आवाज खाली गेलेला ऐकू नये.

स्थळ जाईल का? जाऊ शकतं, खोटं कशाला सांगू. काही जण कारण न देता नाही म्हणतील आणि गावात चार तोंडं बोलतील. ते दुखेल. पण जे घर हे ऐकून डॉक्टरांकडे यायला तयार होतं, त्या घरात तिची गोळी जेवणाच्या टेबलावर राहील. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा अपस्मार असणाऱ्यांचा स्वमदत गट आहे. तिथे मुलीला तिच्याच वयाच्या, यातून गेलेल्या मुली भेटतील. त्यांच्याशी बोलण्याने जो धीर येतो तो माझ्या उत्तराने येणार नाही. आणि हे वाचणाऱ्या मुलांच्या आयांनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. मुलाचा अपस्मार लपवून सून आणणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

मुलाकडचे मुलं होण्याबद्दल विचारतीलच. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं नीट होतात, आणि या प्रकारात थोडा आनुवंशिक भाग असला तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. काळजी घ्यायची ती गोळीची. तिच्या पाकिटावर ‘व्हॅल्प्रोएट’ असं नाव आहे का ते बघा. ते या प्रकारात फार गुणकारी औषध आहे, पण गरोदरपणात ते चालू असेल तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून दिवस जाण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो लग्न ठरतानाच, डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधायचा असतो आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं असतं. दिवस गेल्यावर घाबरून गोळी टाकून देणं हे दोघांनाही धोक्याचं. अपस्माराच्या काही औषधांनी गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, हेही लग्नाआधी विचारून घ्यावं. आजार लपवला तर यातलं एकही संभाषण नवऱ्यासोबत बसून होऊ शकणार नाही.

लग्न ठरलंच तर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. या प्रकारात जागरण हा झटक्याचा सगळ्यात मोठा मित्र. बारावीला तेच झालं होतं. आपल्या लग्नघरात मेंदी, हळद, रात्रीचा गोंधळ, पहाटेचं देवदर्शन, उपास, सगळं एका ओळीने येतं. नवरीला रात्री नीट झोपू द्या. मुहूर्त दुपारचा किंवा संध्याकाळचा धरा, जागरण-गोंधळाला ती दहा मिनिटं बसून उठली तर देव रागावणार नाही, आणि गोळीची वेळ सांभाळायला एक मावशी किंवा मैत्रीण नेमा.

स्कूटीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पतसंस्थेत जायला ती चालवत असेल तर : वाहन परवान्याच्या अर्जातल्या घोषणापत्रात अपस्मार आहे का हे थेट विचारलेलं असतं. तिथे खोटी सही करायला लावू नका. आधी डॉक्टरांशी बोला, तोवर एसटीने किंवा मैत्रिणीच्या मागे बसून जाणं बरं.

पुढच्या तपासणीला मुलीने आत जावं आणि तिने बोलावं, तुम्ही शेजारी बसा. डॉक्टरांकडून मराठीत एक कागद मागून घ्या. त्यावर निदानाचं पूर्ण नाव, गोळीचं नाव आणि मात्रा, आणि झटका आला तर काय करायचं ते असावं : कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना. झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा फवारा मिळतो, तो तिला लिहून देता येईल का तेही विचारा. त्या कागदाची एक प्रत तिच्या पर्समध्ये राहू द्या आणि दुसरी पतसंस्थेत ती ज्या मैत्रिणीवर विश्वास ठेवते तिच्याकडे.